दहावीनंतरचं ‘करिअर पॅकेज’: पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाहीत

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. निकाल लागला की रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीत करिअर मार्गदर्शनाचे फ्लेक्स लागतात. ही पॅकेजं एकमेकांसारखीच असतात. चाचणीचं सॉफ्टवेअर बहुधा बाहेरून घेतलेलं, वरचा लोगो तेवढा केंद्राचा. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या केंद्राचं नाही, या मालाचं आहे. त्यात काय मिळतं? एक ऑनलाइन चाचणी, एक जाडजूड अहवाल, समुपदेशकाबरोबर पाऊण-एक तास आणि शेवटी ‘गोल शीट’ नावाचा, ध्येय लिहायचा तक्ता.

चाचणीचे दोन भाग वेगळे समजून घ्यायला हवेत. पहिला कल किंवा क्षमता मोजणारा: भाषा, आकडेमोड, तर्क, आकृत्या मनात फिरवून बघणं, यंत्रांची समज. हा घड्याळ लावून असतो. दुसरा आवडीचा. त्याला वेळेचं बंधन नसतं आणि तो बहुतेक ठिकाणी जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या सहा गटांवर बेतलेला असतो. क्षमतेचा भाग नीट घेतला तर कामाचा आहे. पण तो नीट घेतला जात नाही, घोडं तिथे अडतं. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीतून चाचणी दिली की भाषेचा गुण पडतो आणि शब्दांत मांडलेल्या तर्काच्या प्रश्नांचाही पडतो. अहवाल मात्र छापतो, ‘तर्कक्षमता सरासरीपेक्षा कमी’. पावसाळ्यात घरून चाचणी दिली आणि मधेच लाइट गेली किंवा रेंज गेली, तर सुटलेले प्रश्न चुकलेल्यांत जमा होऊ शकतात. म्हणून चाचणी केंद्रावर बसून, मराठीतून, सकाळच्या वेळेत द्यावी. यातलं काही मिळणार नसेल तर फी कमी करून मागावी.

अहवालातला सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणारा शब्द म्हणजे पर्सेंटाइल. ७० पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी सत्तर मार्क नव्हेत. ज्या मुलांशी तुलना केली त्यातली सुमारे सत्तर टक्के मुलं याच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती मुलं कोण? हा प्रश्न समुपदेशकाला जरूर विचारा. तुलनेचा गट महानगरांतल्या इंग्रजी शाळांचा असेल, तर देवरुखच्या मुलीचा आकडा त्या गटात मोजलेला आहे हे लक्षात ठेवून वाचावा लागतो. आवडीच्या भागात आणखी एक गोची आहे. ‘प्रयोगशाळेत नमुने तपासायला आवडेल का?’ याला ज्या मुलाने प्रयोगशाळाच धड पाहिलेली नाही तो ‘नाही’ म्हणतो. ते नावडणं नव्हे, माहीत नसणं आहे. सॉफ्टवेअरला हा फरक कळत नाही, माणसाला कळू शकतो.

अहवालाची निम्मी पानं सामान्य ज्ञानाची. पोरगा मच्छीमारांच्या खारवीवाड्यातला असो की पुण्यातला, ‘मर्चंट नेव्ही’ या पानावर तेच जहाज आणि तेच वर्णन. रंगांधळेपणा असेल तर डेक विभागात, म्हणजे जहाज हाकण्याच्या कामात, प्रवेश नाही, हे पहिल्या ओळीत हवं. दहावीनंतरचा सहा महिन्यांचा जीपी रेटिंग हा खलाशाचा कोर्स आणि बारावीनंतरचा नॉटिकल सायन्सचा, म्हणजे नौकानयनाचा, डिप्लोमा या दोन वेगळ्या वाटा आहेत. दुसरीला पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) ६० टक्के आणि भारतीय सागरी विद्यापीठाची, म्हणजे आयएमयूची, सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाबद्दलही अवाक्षर नसतं. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा (केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा) आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो, तो डीजीच्या संकेतस्थळावर तपासता येतो आणि भरतीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे. एवढी माहिती घरचे काही लाख वाचवते.

घरच्या धंद्याला तर अहवालात रकानाच नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाग सांभाळणं, कलमं, पॅकिंग, थेट विक्री हेही नियोजन करण्याजोगं काम आहे. सॉफ्टवेअर फार तर ‘कृषी’ म्हणून पुढे सरकतं.

आता गोल शीट. सगळ्यात देखणा आणि सगळ्यात पोकळ भाग हाच. त्यावर ‘स्मार्ट’ची पाच इंग्रजी अक्षरं असतात: ध्येय नेमकं, मोजता येण्याजोगं, मुदतीचं वगैरे असावं असं सांगणारी. ही चौकट १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी कंपन्यांतल्या व्यवस्थापकांसाठी मांडली, म्हणजे ज्यांच्या हातात माणसं आणि बजेट आहे त्यांच्यासाठी. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात यातलं काहीच नसतं. तो लिहितो, ‘पाच वर्षांत मत्स्यशास्त्रज्ञ’, आणि तक्ता पूर्ण भरला म्हणून शाबासकी मिळते.

तोच तक्ता उलटा भरायला हवा. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. पदवी चार वर्षांची. तिथून मागे या. बारावीला जीवशास्त्र हवं, म्हणजे अकरावीचा अर्ज भरतानाच विषय ठरला पाहिजे. प्रवेशासाठीच्या राज्याच्या सीईटीचा फॉर्म परीक्षेच्या कित्येक महिने आधी भरून होतो, तो ओघाने येत नाही. आरक्षणातून प्रवेश असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकायचा. निकालानंतर धावपळ करून तो वेळेत हाती येईलच असं नाही. नॉन क्रिमीलेअरची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते, त्यामुळे मुदत संपलेला जुना दाखला ऐन प्रवेशाच्या वेळी कुचकामी ठरतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यापासून सुरुवात, आणि मे-जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांग. हे दाखले एप्रिल लागताच काढायला घ्या. प्रत्येक ओळीसमोर तारीख आणि ते काम करणाऱ्याचं नाव लिहा, आई की बाबा की स्वतः. शेवटच्या ओळीत दुसरा पर्याय, पण त्यालाही तारीख हवी: अमुक दिवसापर्यंत यादीत नाव नाही आलं तर पॉलिटेक्निकचा किंवा बीएस्सीचा अर्ज. तारीख नसलेला ‘प्लॅन बी’ कुणी उघडून बघत नाही.

थोडक्यात हिशोब असा: बैठकीचे पैसे द्यायला हरकत नाही, समुपदेशक मानसशास्त्र शिकलेला असेल आणि मुलाशी एकट्याने पंधरा मिनिटं तरी बोलणार असेल तर. चाचणीचे थोडे. अहवालाच्या जाडीचे अजिबात नकोत, कारण नोकऱ्यांची आणि कामांची वर्णनं केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर २०१५ पासून फुकट आहेत. फी भरताना एकच अट घाला: दुसरी बैठक बारावीच्या सहामाहीनंतर, त्याच फीत. तेव्हा सहामाहीचे मार्क हातात असतात आणि सीईटीची तयारी कुठवर आलीय ते दिसतं. दुसऱ्या बैठकीला केंद्रवाला आढेवेढे घ्यायला लागला, तर तिथूनच उठा.