सर्फबोर्ड: लाकडी कडांचा की मधल्या पट्टीचा?

लाटांवर स्वार होण्याच्या नेहमीच्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या बोर्डात मधोमध लाकडी पट्टी, म्हणजे स्ट्रिंगर असतो. दुसऱ्या प्रकारात मधली पट्टी काढून दोन्ही कडांना बाल्सा हे हलकं लाकूड लावतात. आत हलका ईपीएस फोम, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा, आणि वर इपॉक्सी रेझिनचा, म्हणजे सुकून टणक होणाऱ्या चिकट द्रवाचा थर. लवचीकपणा कडांतून येतो, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना बोर्ड छान उसळी घेतो. छोट्या, मऊ लाटांवर हाच घ्या. वारा सुटून पाणी खडबडीत झालं, की मात्र तो बुचासारखा टणाटणा उडतो. तिथे जड पीयू शहाण्यासारखा पाण्याला धरून राहतो.

खरा फरक बोर्ड फुटल्यावर कळतो. ईपीएस चिरेतून पाणी ओढतो आणि बाल्साही पितो, अगदी चहात बुडवलेल्या खारीसारखा. चीर दिसताच पाण्याबाहेर या, टेप लावा. घरी टेप काढून बोर्ड सावलीत पूर्ण वाळवा, मगच इपॉक्सी भरा. ओल राहिली तर लाकूड काळं पडून कुजतं. पॉलिएस्टर रेझिन चुकूनही नको, ते ईपीएस विरघळवतं! पीयूला दोन्ही चालतात.

बंद गाडीत तापलेला ईपीएस बोर्ड पुरीसारखा फुगतो. फक्त ही पुरी खाता येत नाही.