गेममधला बाजार: कुठे पैसे टाकावेत, कुठे हात आखडावा

कर्वेनगर-कोथरूडकडच्या होस्टेलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन जाहिराती कायम फिरत असतात: ‘यूसी अर्ध्या भावात’ (यूसी म्हणजे बीजीएमआय या मोबाइल गेममधलं चलन) आणि ‘फुल आयडी विकणे आहे’ (म्हणजे गेमचं अख्खं खातं). दोन्हींचं मूळ एकच. गेम बनवणाऱ्याने खेळाडूंना आपसात देवघेव करायला सरळ दार ठेवलं नाही, की मागच्या दाराने धंदा सुरू होतो. त्यामुळे इथे चार ठिकाणं तपासताना ग्राफिक्स, बंदुका वगैरे बाजूला ठेवल्या आहेत. दार कुठे आहे, दलाली किती आणि खेळाडूंचं कुणी ऐकतं का, एवढंच पाहिलं आहे.

पीसीवर खेळणाऱ्यांचा पहिला संबंध येतो तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कम्युनिटी मार्केटशी, म्हणजे खेळाडूंमधल्या बाजाराशी. वॉलेट रुपयांत, भरणा यूपीआयने, आणि काउंटर-स्ट्राइक २ या बंदुकांच्या गेमची स्किन (हत्याराचं दिखाऊ रूप) विकायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. दलाली मात्र नीट समजून घ्या. ५ टक्के स्टीमची, १० टक्के गेमची, आणि ती विक्रेत्याच्या आकड्यावर चढते. हातात १०० रुपये हवे असतील तर भाव ११५ लावावा लागतो. ११५ मधून १५ टक्के वजा करून ९७.७५ काढणारे दरवेळी चुकतात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात २०१६ पासून फळं-भाज्यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराच्या माथी गेली, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की यार्डातून माणूस पट्टीचे पैसे घेऊन घरी जातो. इथला रुपया वॉलेटमध्येच राहतो. त्यातून पुढचा गेम घ्या, बँकेत काही येणार नाही. अगदी स्वस्त स्टिकर विकत बसू नका, किमान शुल्कातच निम्मा जीव जातो.

मार्केट उघडायला स्टीम गार्ड (लॉगिनचं जादा कुलूप) १५ दिवस आधीपासून चालू हवं. मोबाइल ऑथेंटिकेटर (फोनवरून मंजुरी देणारं अ‍ॅप) नसेल तर दिलेली वस्तू १५ दिवसांपर्यंत अडकते. हे निर्बंध लोकांना जाचतात, पण ते का आहेत ते फसवणुकीची रीत पाहिली की कळतं. ‘आमच्या टीमला मत दे’ म्हणून लिंक येते. लॉगिन खिडकी हुबेहूब स्टीमची, पण ती पानावरच रंगवलेली. ओढून ब्राउझरच्या चौकटीबाहेर नेता येत नाही, हीच तिची खूण. तिथे पासवर्ड टाकला की चोर लगेच काही उचलत नाही. तो खात्यात शिरून, अनेकदा एपीआय की (खातं प्रोग्रामने हाताळायची किल्ली) तयार करून, दबा धरून बसतो. तुम्ही मित्राला गेममधला महागडा चाकू पाठवलात की खरी ऑफर रद्द होते आणि त्याच नावाच्या, त्याच फोटोच्या नकली खात्याला दुसरी जाते. मोबाइलवर मंजुरी देणारा अंगठा तुमचाच असतो! म्हणून मंजुरीच्या पडद्यावर समोरच्याची लेव्हल आणि खातं उघडल्याची तारीख वाचा. या दोन गोष्टींची नक्कल करणं अवघड. न मागितलेली एपीआय की दिसली तर ती रद्द करा, पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. गेमिंग कॅफेत खेळणाऱ्यांनी शेवटचं काम तर रोजच करावं.

जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइक २ चे सौदे ७ दिवसांपर्यंत उलटवता येतात. बदल्यात उलटवणाऱ्याची देवघेव ३० दिवस बंद. सोय उत्तम आहे. पण संवादाच्या नावाने शंख. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीम आणि काउंटर-स्ट्राइकची मालक कंपनी वॉल्वने पाच लाल (वरच्या दर्जाच्या) स्किन देऊन चाकू किंवा ग्लोव्ह मिळवायची सोय केली आणि एका रात्रीत चाकू कोसळले, लाल स्किन चढल्या. आधी सूचना नाही, चर्चा नाही. स्किनला ‘गुंतवणूक’ म्हणणाऱ्याने ही रात्र आठवावी. दहापैकी बाजाराला आठ गुण, ऐकून घेण्याला दोन.

ऐकून घेण्यात आइसलँडच्या सीसीपीला तोड नाही, पण तेही ठेच लागल्यावर. तिच्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये खेळाडू २००८ पासून आपले प्रतिनिधी मतदानाने निवडतात. २०११ मध्ये नुसत्या दिखाऊ एकडोळी चष्म्याला साठ-सत्तर डॉलर लावले तेव्हा खेळाडूंनी गेममधल्या जिता या बाजारपेठेतल्या पुतळ्यावर गोळीबार केला आणि कंपनीला प्रतिनिधींना तातडीने बोलवावं लागलं. पैशाची रचनाही शहाणी आहे. प्लेक्स म्हणजे खऱ्या पैशांनी मिळणारं टोकन; ५०० प्लेक्स म्हणजे ३० दिवसांचा ओमेगा, अर्थात सशुल्क सभासदत्व. नोकरी करणारा प्लेक्स विकत घेऊन गेममध्ये विकतो, वेळ असलेला विद्यार्थी तो आयएसके या गेममधल्या चलनात घेऊन फुकट खेळतो. यात नवा आयएसके छापला जात नाही, एका खिशातून दुसऱ्यात जातो. म्हणून त्यातून महागाई होत नाही. रात्रंदिवस बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्राम) चालवून गेममधलं चलन काढणारे नेमकं उलटं करतात. (सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारला बंद होतो, त्या सुमारास सौदा लावू नका.) इंडस हा गेम बनवणारी सुपरगेमिंग आणि रिअल क्रिकेट या गेमची नॉटिलस मोबाइल या कंपन्या पुण्यातल्याच, तिथे कामाला लागणाऱ्यांनी सीसीपीच्या या बैठकांची टिपणं जरूर वाचावीत.

रूनस्केप हा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या जॅजेक्सने दुसरं टोक करून पाहिलं. चोरीच्या कार्डांवर चालणाऱ्या, गेममधलं सोनं खऱ्या पैशांत विकण्याच्या धंद्याला कंटाळून मोकळी देवघेवच आवळली. मित्राला तलवार देणंही मुश्कील झालं, लोक भडकले. शेवटी मतदान घेतलं आणि १ फेब्रुवारी २०११ ला ती परत आणली. आज ओल्ड स्कूल या रूनस्केपच्या जुन्या धाटणीच्या आवृत्तीत १४ दिवसांच्या सभासदत्वाचा बाँड एकदाच विकता येतो. पुन्हा विकायचा तर १० टक्के भरा. मोठे बदल आजही मताला टाकतात. चौघांत आमची पसंती हीच.

बीजीएमआयमध्ये यूसी एकाच दिशेने जातं: घेतलं, वापरलं, संपलं. खेळाडूंमधला बाजार नाही, म्हणून अख्खा आयडीच विकायला निघतो. आयडी ज्या गूगल किंवा फेसबुक खात्याला जोडलेला, ते खातं विकणाऱ्याचंच. पैसे मिळाल्यावर तो आठवड्याभरात आयडी परत ओढतो आणि नियमाविरुद्धचा सौदा म्हणून कंपनी दाद देत नाही. अर्ध्या भावातलं यूसी बहुधा चोरीच्या कार्डाचं किंवा रिफंड मारलेलं. मूळ पेमेंट फिरलं की गोत्यात येतो तो तुमचा आयडी, विकणारा तोवर ग्रुप सोडून गेलेला. रिचार्ज गेमच्या आतून किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरून फक्त कॅरेक्टर आयडी टाकून करा. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला की तिथूनच मागे फिरा.