विजेचं शिलाई मशीन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी मोटरवर चालणारं साधं घरगुती मशीन घेतलं. त्याआधी आईचं पायमशीन होतं. त्यावरच शिकले, त्यावरच पंधरा वर्षं शिवलं. नव्या मशीनवर आतापर्यंत चार सदरे, तीन फ्रॉक, सहा पायजमे, भाचीसाठी पाच झबली, एक पूर्ण घेराचा लांब झगा आणि मोजल्या नाहीत इतक्या पिशव्या झाल्या. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. मशीनबद्दल तर लिहायचंच आहे, पण या नऊ महिन्यांत माझ्या झोपेचं आणि खांद्यांचं काय झालं, तेही लिहिणार आहे. विकत घेताना मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आधी मशीन. पंधरा-सोळा प्रकारचे टाके आहेत, त्यांतले मी तीन वापरते: सरळ, झिगझॅग आणि ताणल्या जाणाऱ्या कापडासाठीचा. बाकीचे नक्षीचे टाके पहिल्या रविवारी चिंधीवर मारून बघितले, पुन्हा तिकडे गेले नाही. झिगझॅगसाठी मात्र हे मशीन घेतल्याचं समाधान रोज वाटतं. पायमशीनवर फक्त सरळ टीप होती, त्यामुळे कापडाच्या कडा हाताने गुंफाव्या लागायच्या किंवा प्रत्येक शिवण दुमडून दुहेरी मारावी लागायची. काज चार टप्प्यांत होतं. पहिली वीस-पंचवीस काजं वेडीवाकडी आली, आता नीट येतात. सदऱ्यावर काज करण्याआधी त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर, आत तेच अस्तर घालून एक काज करून बघायचं. ही पायरी मी अजूनही चुकवत नाही.

पहिल्या आठवड्यात कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता व्हायचा. मी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, काढून पुन्हा पुन्हा बसवत राहिले, पण दोष वर होता. दोरा ओवताना कापड दाबून धरणारा मशीनचा पाय खाली टेकलेला असला की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही, वरून सैल सुटतो आणि खाली जाऊन गोळा होतो. म्हणून पाय वर उचलायचा, चाक फिरवून सुई सगळ्यात वर आणायची आणि मग ओवायचं. १८४६ साली इलायस हाव यांनी पेटंट घेतलं ते मशीन असंच दोन दोऱ्यांवर चालायचं: टोकाशी भोक असलेली सुई वरचा दोरा खाली नेते आणि खालचा दोरा त्यात अडकतो. आजचं मशीनही तेच करतं. दोन्ही दोऱ्यांची ओढ सारखी असली की गाठ कापडाच्या मधोमध बसते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी आपल्याआपण सुटतात.

सुईच्या बाबतीत कंजुषी करू नका. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदलायची, मग ती दिसायला कितीही चांगली असो. पाकिटावरच्या ९०/१४ मधला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. साध्या सुती कापडाला मी ८०/१२ लावते, जीनसारख्या जाड कापडाला १००/१६. टी-शर्टच्या विणलेल्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, नाहीतर टाके सुटतात आणि आपण उगाच मशीनला दोष देत बसतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

पायमशीनवर शिवताना पाय दमायचे. तासाभराने पोटऱ्या भरून आल्या की मी आपसूक उठायचे, खिडकीशी जायचे, पाणी प्यायचे. थांबायचं हे ठरवावं लागत नव्हतं. विजेच्या मशीनवर फक्त पायाचा चवडा दाबलेला असतो. माझं मशीन मिनिटाला आठशेच्या आसपास टाके मारतं आणि ते मारताना शरीरातलं काहीच बोलत नाही. बोलतं ते दुसऱ्या दिवशी: मान आखडते, उजवा खांदा जड होतो, डोळ्यांच्या मागे ठणका लागतो. पहिले चार महिने मी रात्री साडेनऊला बसायचे ती साडेबाराला उठायचे. झोपल्यावरही मिटल्या डोळ्यांपुढून कापड सरकत राहायचं. मला ते कामातला आनंदच वाटायचा, आणि त्यात आनंद होताही. पण सकाळी उठल्यावर कालचं शिवलेलं बघायचीही इच्छा नसायची. इतक्या आवडीच्या गोष्टीबद्दल असं का व्हावं, याचं मला फार वाईट वाटायचं.

चौथ्या महिन्यातली एक रात्र. बहिणीचा सदरा, निळ्या कापडावर पांढरे बारीक ठिपके. ठिपके एकाच बाजूला छापलेले, म्हणजे कापडाला सुलट-उलट होती. पुढचा भाग, मागचा भाग, गळा, सगळं कापून झालं होतं, आणि साडेअकरा वाजलेले असताना मी ठरवलं की बाह्याही आत्ताच कापू. कापड एकेरी पसरलं. एक बाही कापली, कागदाचा नमुना उचलला आणि उलटा न करता तसाच शेजारी ठेवून दुसरी कापली. बाहीच्या वरच्या गोलाईत पुढची बाजू जास्त खोल असते, मागची कमी. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. कापताना ते कळलं नाही. जोडतानाही नाही, कारण गोलाई थोडी ओढून-ढकलून मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या जागी, बसतेच. सकाळी उजेडात हँगरवर अडकवला तेव्हा उजव्या मुंढ्यापुढे तिरप्या सुरकुत्या दिसल्या. हाताने सारख्या केल्या की पुन्हा तिथेच.

मग उसवणं आलं. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर धरली तर एका सेंटिमीटरमध्ये चार टाके. मुंढ्याची गोलाई पन्नास सेंटिमीटर, म्हणजे दोनशे टाके. पूर्ण वेगात मशीन ते पंधरा सेकंदांत मारतं. मी त्या सकाळी ते काढायला पाऊण तास घेतला, कारण ठिपक्यांचं कापड विरळ विणीचं होतं आणि उसवणीच्या टोकाने धागा तुटायची भीती होती. टाके निघाले तरी सुईची भोकं ओळीने दिसत राहिली. पाण्याचा हात फिरवून इस्त्री केल्यावर थोडी बुजली. दुसरी बाही निघेल एवढं कापड उरलं नव्हतं. शेवटी दोन्ही बाह्यांच्या तीन सेंटिमीटर रुंद उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या, पट्ट्या कापल्या, मुंढ्याला आतून लावल्या आणि सदरा बिनबाह्यांचा केला. बहीण तो आवडीने घालते. मला मात्र तो दिसला की ते साडेअकरा आठवतात.

तरीही मी सुधारले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. सुधारणा झाली ती पाचव्या महिन्यात, मशीनच्या पायपेडलमुळे. ते सैल पडलं. दाबलं तरी मशीन कधी चालायचं, कधी नाही, आणि मग एकदम सुसाट सुटायचं. दुरुस्तीला दिलं. चार दिवसांत देतो म्हणाले आणि तीन आठवडे लावले. दर वेळी फोन मीच करायचा आणि दर वेळी उत्तर नवं. दुरुस्ती नीट झाली, पण वेळेच्या बाबतीत मिळालेली वागणूक चांगली नव्हती. मशीन घेताना पेडल वेगळं विकत मिळतं का, हे आधी विचारून ठेवा.

त्या तीन आठवड्यांत मशीन ज्या टेबलावर असायचं ते रिकामं होतं. पहिले चार-पाच दिवस हात शिवशिवत होते. मग पूर्ण घेराचा झगा कपाटाच्या दाराला लटकलेला होता त्याच्याकडे लक्ष गेलं. घेर गोल कापला की कापडाचा काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही उरेब येतो, आणि उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. म्हणून असा झगा किमान एक दिवस-रात्र लटकवून ठेवायचा आणि मगच खालची कड सारखी करून दुमडायची. हे मला माहीत होतं, पण आधीच्या फ्रॉकला मी इतका वेळ दिला नव्हता. या झग्याला पुरा आठवडा मिळाला. जमिनीपासून पट्टीने मोजत खडूच्या खुणा केल्या तेव्हा दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर जास्त उतरलेलं होतं. ते कापलं आणि सगळी कड हाताने, बाहेरून टाका दिसणार नाही अशी दुमडून शिवली. रोज एक हातभर. ती कड आजवरच्या माझ्या कामातली सगळ्यात सुंदर आहे, आणि ती शिवताना मी एकदाही दमले नाही.

मशीन परत आल्यावर मी बॉबिन अर्धीच भरायला लागले. अर्ध्या बॉबिनमध्ये, मधली इस्त्री आणि टाचण्या धरून, माझं साधारण पाऊण तासाचं काम होतं. दोरा संपला की उठायचं, दिवा बंद करायचा आणि भिंतीतली वायर काढायची. कधी शिवणीच्या मध्येच दोरा संपतो. आधी याचा राग यायचा. आता तसंच सोडते, दुसऱ्या दिवशी एक सेंटिमीटर मागून टीप सुरू करते आणि पुढे जाते. याचा एक फायदा मला अनपेक्षित होता: दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची याचा विचार करावा लागत नाही. कापड सुईखाली असतंच, बसलं की चालू. कॉलर, खिशाची कड, पुढची पट्टी अशा वरून दिसणाऱ्या शिवणींना मात्र पूर्ण भरलेली बॉबिन लावते, कारण तिथला जोड दिसतो.

कापणं फक्त सुट्टीच्या सकाळी. चुकलेली टीप उसवता येते, चुकलेला काप नाही. म्हणून कात्री रात्री हातात घ्यायचीच नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ कापड भिजवून वाळत घालण्याची, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतं. दोन मीटरमागे सहा ते दहा सेंटिमीटर गेले तर पायजमा घोट्याच्या वर जातो. त्या संध्याकाळी मी दुसरं काहीही शिवत नाही. कापड वाळतंय, म्हणजे काम चालूच आहे, असं मला खरोखर वाटतं.

हातकामाबद्दल थोडं. विश्रांती म्हणून भरतकाम करा असं सगळे सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही. बारीक साखळी टाका किंवा गाठीचा टाका भरताना डोळे मशीनवर दमतात त्याहून जास्त दमतात, आणि काळ्यावर काळा दोरा तर दिव्याखाली नकोच. मोजावं लागणारं क्रोशाचं काम तर हिशेबासारखं आहे. न मोजता होणारं तेवढंच मला विसावा देतं: सरळ एकाच टाक्याच्या ओळी, कडेची दुमड, बटणं लावणं. तेही मनगट दुखेपर्यंत नाही. आणि काही दिवस काहीच न करण्याचेही हवेत. गेल्या महिन्यात बारा दिवस मी सुईला हात लावला नाही. त्या काळात वहीत चार नवे गळे काढले गेले, मी न ठरवता.

शिवता येतं म्हटल्यावर लोक मागतात. चेन बदलून दे, खालून दोन बोटं कमी करून दे. ज्यांच्यावर जीव आहे त्यांचं मी करते, पण महिन्यातून एकच काम आणि तारीख माझी. हे बोलून दाखवायला मला सहा महिने लागले. कुणीही नाराज झालं नाही.

शरीरासाठी दोन बदल उपयोगी पडले. टेबल उंच होतं, त्यामुळे खांदे नकळत वर चढायचे. खुर्चीवर घट्ट उशी ठेवली, आता कोपर टेबलाच्या पातळीला येतं. दुसरा बदल म्हणजे दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघणं. माझी खोली तेवढी मोठी नाही, म्हणून खिडकीतून समोरच्या झाडाकडे बघते.

मशीनची देखभाल फारशी नाही. दर दोन-तीन बॉबिननंतर सुईखालची पट्टी काढून दात्यांमधला कापसाचा थर ब्रशने काढते. तो इतका घट्ट बसतो की नमद्यासारखा उचलून निघतो. माझ्या मशीनला शटलपाशी एक थेंब तेल लागतं, तेही शिलाई मशीनचंच. घरातलं दुसरं कुठलं घातलं तर चिकटा धरतो.

घ्यावं का? ज्यांना पायमशीनवर कडा गुंफून कंटाळा आलाय, ताणणारं कापड शिवायचंय, काजं घरी करायचीत, त्यांनी जरूर घ्यावं. जाड कापडाचे चार-चार थर रोज शिवायचे असतील तर हे घरगुती मशीन पुरणार नाही. माझ्या मशीनची मोटर पिशव्यांचे पट्टे शिवताना गरम होते, तेव्हा मी तिला वीस मिनिटं सोडून देते. वेग कमी करायची कळ असलेलं मिळालं तर तेच घ्या. माझ्यात ती नाही, आणि ती कमी मला पहिल्या दिवसापासून जाणवते.

सध्या सुईखाली एका पायजम्याचा डावा पाय आहे. काल गुडघ्याशी दोरा संपला.