एलव्हीएम (लिनक्समध्ये डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून देणारी व्यवस्था) वापरून दीड वर्ष झालं, पाचपैकी चार स्टार

बडोद्याला रावपुऱ्यात मामांचं टॅक्सचं ऑफिस आहे, तिथला सर्व्हर मी सांभाळतो, म्हणजे रविवारी जाऊन धूळ झाडतो आणि काही अडलं की फोनवर शिव्या खातो. उबंटू सर्व्हर, 1 टीबीची डिस्क, त्यात क्लायंटांचे स्कॅन. जुलैत रिटर्नची गर्दी आणि मामांचा फोन, "अरे डिस्क फुल म्हणतंय, 1 टीबी घेतली होती ना, की दुकानदाराने टोपी घातली?"

दुकानदार बिचारा निर्दोष. डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारलं तर रूट, म्हणजे सिस्टिम आणि फाइली असलेला मुख्य व्हॉल्यूम, फक्त 100 जीबीचं, कारण उबंटूचा इन्स्टॉलर मोठ्या डिस्कवर एलव्हीएम करताना रूटला तेवढंच देतो आणि बाकीची जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्कांच्या सामायिक साठ्यात, मोकळी ठेवतो. व्हीजीएसमध्ये (तो साठा दाखवणारी कमांड) 828 जीबी फ्री! व्हॉल्यूम वाढवणाऱ्या एलव्हीएक्सटेंडची एक ओळ, त्यात मायनस आर टाकलं की फाइल सिस्टिमही सोबत वाढते, आणि हे सगळं मशीन चालू असताना, मामा बाजूच्या टेबलावर रिटर्न भरत होते त्यांना कळलंसुद्धा नाही. तीन स्टार इथेच दिले. (मी मात्र घाईत सगळीच जागा देऊन टाकली, तसं करू नका, स्नॅपशॉटला, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवायला, जागा उरत नाही. आणि रूट परत लहान करायचं तर पेन ड्राइव्हवरून बूट करून बसावं लागतं, फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल तर तेही विसरा.)

चौथा स्टार पीव्हीमूव्हला, म्हणजे डेटा एका डिस्कवरून दुसरीवर हलवणाऱ्या कमांडला. यंदा स्मार्टमध्ये (डिस्कची तब्येत सांगणारी सोय) जुन्या डिस्कचे खराब सेक्टर वाढायला लागले म्हणून 2 टीबीची नवी आणली, पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्सटेंड करून ती ग्रुपमध्ये घेतली, आणि रात्री 9ला पीव्हीमूव्ह लावून घरी. दर 15 सेकंदांनी टक्का छापत बसतं, फाइली किती आहेत याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, 4 एमबीचे वाटून दिलेले तुकडे सगळेच हलवतं, त्यामुळे अर्धा रिकामा व्हॉल्यूमही पूर्ण हलतो. सकाळी बघितलं तर काम झालेलं.

मग व्हीजीरिड्यूस करून जुनी डिस्क ग्रुपमधून वगळली, मशीन बंद करून ऐटीत ती काढली, बटण दाबलं, काळी स्क्रीन. बूट आणि ईएफआयची पार्टिशनं (मशीन सुरू व्हायला लागणारे डिस्कचे भाग) एलव्हीएमच्या बाहेर असतात, ती पीव्हीमूव्ह हलवत नाही! चूक माझीच, पण कमांड एका शब्दाने बोलत नाही म्हणून एक स्टार कापला. वर नव्या डिस्कवर मी पार्टिशन न पाडता अख्खीच पीव्हीक्रिएट केली होती, त्यामुळे बूट तिथे न्यायलाही जागा नाही. सध्या जुनी डिस्क परत लावलीय, फक्त बूट करण्यापुरती, आणि छोट्या एसएसडीचे पैसे मागायचेत, मामांना अजून सांगितलं नाहीये.

बॅकअप वेगळा घ्याच, दोन डिस्का एका ग्रुपमध्ये टाकल्या म्हणजे दोन कॉप्या झाल्या असं मामांना अजूनही वाटतं.