हॅम शॅकसाठी लिनक्स गेटवे आणि फायरवॉल : आठ महिने वापरल्यावर

शॅकमधली (हॅम रेडिओच्या खोलीतली) उपकरणं घरच्या वायफायपासून वेगळी काढायची म्हणून दोन लॅन पोर्टवाला एक जुना मिनी पीसी घेतला, त्यावर डेबियन १२ (लिनक्स) टाकलं आणि एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या पॅकेट-नियमांच्या यंत्रणेत) फायरवॉल लिहिली. आठ महिने झाले, रोज चालू आहे. त्याच्या मागे दोन रास्पबेरी पाय (छोटे कॉम्प्युटर), एक डीएमआर हॉटस्पॉट (डिजिटल रेडिओ इंटरनेटला जोडणारी डबी) आणि एचएफ (शॉर्टवेव्ह) रिगचा म्हणजे रेडिओ सेटचा लॅपटॉप.

सुरुवातीला सगळं लक्ष बाहेरून कोण आत येईल याच्यावर होतं, इनपुट (गेटवेकडे येणारं) आणि फॉरवर्ड (त्यातून पुढे जाणारं) दोन्हीची पॉलिसी ड्रॉप, म्हणजे परवानगी नसेल ते टाकून द्यायचं, एसएसएच (दुरून लॉगिन) फक्त वायरगार्ड या एन्क्रिप्टेड टनेलमधून, झालं काम असं वाटलं. मग गेटवेवरच डायरवुल्फ (साउंडकार्डचा रेडिओ मोडेम करणारं सॉफ्टवेअर) चालवून एएक्स-झिरो नावाचा रेडिओकडे जाणारा नेटवर्क इंटरफेस उभा केला तर व्हीएचएफ सेट अधूनमधून आपोआप ट्रान्समिट व्हायला लागला. दोन दिवस मी पीटीटीची (ट्रान्समिट चालू करणारी) केबल बदलत बसलो. शेवटी टीसीपीडंप (पॅकेट बघायचं टूल) लावला तेव्हा दिसलं की अवाही नावाची सर्व्हिस प्रिंटर वगैरे शोधायचे पॅकेट त्या इंटरफेसवर सोडतेय आणि ते थेट हवेत जातायत! १२०० बॉड म्हणजे सेकंदाला जेमतेम १५० बाइट, असलं एक पॅकेट गेलं तरी चॅनेल सेकंद-दीड सेकंद अडतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाचं बीकन (ठराविक वेळाने जाणारा संदेश) मरतं. लायसन्स माझं, कॉलसाइन माझा, मग हवेत जे जाईल त्याची जबाबदारीही माझीच ना. आता आउटपुट (गेटवेतून निघणारं) आणि फॉरवर्डमध्ये एएक्स-झिरोकडे जाणारं सगळं आयपी ड्रॉप आहे, अवाहीलाही तो इंटरफेस बंद केलाय. एपीआरएसच्या (रेडिओवरून ठिकाण आणि छोटे संदेश पाठवायची पद्धत) फ्रेम आयपीतून जातच नाहीत त्यामुळे त्या अडत नाहीत. माझ्या मते अख्ख्या फायरवॉलमधला सगळ्यात कामाचा नियम हाच.

एकोलिंकने (इंटरनेटवरून हॅम स्टेशन जोडणारं सॉफ्टवेअर, एका पायवर चालतं) मात्र दमवलं. फायबरवाल्याने दिलेला पत्ता १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला), घरच्या राउटरवर पोर्ट उघडून काही उपयोग नाही. मग छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा व्हर्च्युअल सर्व्हर) भाड्याने घेऊन वायरगार्ड टनेल केला, कीपअलाइव्ह (टनेल उघडा ठेवणारं पॅकेट) दर २५ सेकंदांनी, आणि एकोलिंकचे यूडीपी पोर्ट ५१९८ व ५१९९ तिकडून आत वळवले. तरी कॉल येईनात, कारण बाहेर जाणारा ट्रॅफिक फायबरवरूनच जात होता आणि एकोलिंकच्या डिरेक्टरीत तोच पत्ता नोंदला जात होता. एकोलिंकवाल्या पायचा सगळा ट्रॅफिक टनेलमधून नेल्यावर सुटलं. हे एन्क्रिप्शन फक्त इंटरनेटच्या बाजूला, हवेत साध्या भाषेतच बोलायचं असतं हे नव्या लायसन्सवाल्यांनी ध्यानात ठेवा.

एक चूक सांगतो. डेबियनमध्ये एनएफटेबल्सची सर्व्हिस मुद्दाम एनेबल करावी लागते, मी केली नव्हती. लाईट गेली, मशीन परत चालू झालं आणि चार दिवस एकही नियम लागू नव्हता, वर घरच्या नेटवर्कला राउटरचा आडोसा होता म्हणून निभावलं. आता रीबूट करून नियमांची यादी बघितल्याशिवाय काम संपलं असं मी मानत नाही.

क्रोनी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर) टाकून शॅकला वेळ पण हाच गेटवे देतो. एफटी८ ला (कमकुवत सिग्नलवर चालणारा डिजिटल मोड) १५ सेकंदांचे स्लॉट, घड्याळ दोन-तीन सेकंद चुकलं की डिकोड बंद, आणि पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नसतं, त्यामुळे हे फार सोयीचं झालं.

राहिलेली अडचण आरएफची (रेडिओ लहरी केबलमध्ये शिरण्याची). एचएफवर पॉवर सोडली की लॅनची लिंक तुटायची. फेराइट क्लिप (आरएफ अडवणाऱ्या) लावल्यावर ४० मीटर बँडवर थांबलंय, १० मीटर बँडवर अजून कधीकधी तुटते. शील्डेड केबल आणून ठेवलीय, रविवारी ओढतो.