दुबईतला फ्लॅट की थायलंडमधला कॉन्डो: सही करण्याआधीची कायदेशीर तपासणी

गावाकडे दहा गुंठे जमीन घेताना सातबारा, फेरफार आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागणारा माणूस मुंबई-पुण्याच्या एखाद्या हॉटेलातील मालमत्ता प्रदर्शनात मात्र चहा संपण्याआधी दुबईच्या फ्लॅटचे बुकिंग करून मोकळा होतो. परदेशात सरकारी कामकाज चोख असते, या समजुतीवर त्याची भिस्त असते. कामकाज चोख असेलही, पण परक्या नागरिकाला तेथे नेमका कोणता हक्क मिळतो आणि तो कोणत्या कागदावर उभा असतो, हे देशागणिक बदलते. भारतात राहणाऱ्या खरेदीदारापुढे सध्या बहुतेक वेळा दुबई आणि थायलंड हे दोन पर्याय असतात, म्हणून ही तुलना त्या दोघांपुरतीच ठेवली आहे.

दुबईत २००६ च्या कायदा क्रमांक ७ नुसार परदेशी व्यक्तीला ठरवून दिलेल्या क्षेत्रांत पूर्ण मालकी, म्हणजे फ्रीहोल्ड, मिळू शकते. काही ठिकाणी मात्र ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा वापरहक्कच मिळतो. त्यामुळे पहिला प्रश्न एवढाच असतो, की आपली इमारत त्या क्षेत्रात आहे का आणि दुबई लँड डिपार्टमेंटच्या नोंदीत हक्काचा प्रकार कोणता लिहिला आहे. थायलंडमध्ये हा हक्क मुळातच अरुंद आहे. तेथील १९५४ च्या जमीन संहितेखाली परदेशी व्यक्तीला, अगदी मोजके अपवाद वगळता, जमिनीची मालकी मिळत नाही. १९७९ च्या कॉन्डोमिनियम कायद्याखाली इमारतीतील गाळा (निवासी सदनिका), म्हणजेच कॉन्डो, तिच्या नावावर होऊ शकतो, परंतु एका इमारतीतील एकूण गाळ्यांच्या क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. हा कोटा भरलेला नाही, असे इमारतीच्या व्यवस्थापन मंडळाचे लेखी पत्र मिळाल्याशिवाय विसाराची रक्कम देणे म्हणजे नसलेली वस्तू विकत घेण्यासारखे आहे.

फुकेत किंवा सामुई या थाई बेटांवरील व्हिला दाखवला जातो तेव्हा अधिक सावध राहावे लागते, कारण तेथे जमीन आली. अशा वेळी दोन मार्ग सुचवले जातात. पहिला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याचा. तीस वर्षे ही कायद्याने ठरवलेली कमाल मुदत आहे, आणि तीन वर्षांहून मोठा पट्टा नोंदवलेला नसेल तर तो तीन वर्षांपुरताच अमलात आणता येतो. ‘तीस अधिक तीस अधिक तीस’ अशी जाहिरात असते, त्यातील पुढची साठ वर्षे हे केवळ मूळ मालकाचे वचन असते; त्याने जमीन दुसऱ्याला विकली तर नवा मालक त्या वचनाला बांधलेला राहीलच असे नाही. दुसरा मार्ग म्हणजे थाई भागधारकांची नावापुरती कंपनी काढून तिच्या नावे जमीन घेणे. हा बेनामी व्यवहार आहे. उघडकीस आल्यास जमीन ठरावीक मुदतीत विकण्याचा आदेश निघू शकतो, शिवाय दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘इथे सगळेच असे करतात’ हे आश्वासन ज्याने दिले, त्याची सही कोणत्याही कागदावर नसते.

पैसे पाठवण्याच्या बाबतीत दोन्ही देशांची तपासणी भारतातच सुरू होते. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, याखालच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार (एलआरएस) निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यातून परदेशी स्थावर मालमत्ता घेता येते. पती-पत्नीला आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात, मात्र दोघेही त्या मालमत्तेचे सहमालक असले पाहिजेत. अशा भांडवली खरेदीसाठी बँकेने भारतात कर्ज देणे योजनेत बसत नाही. वर्षभरात १० लाख रुपयांच्या पुढे जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच गोळा होणारा कर, कापते. तो पुढे आयकरात वळता होत असला तरी रोख रकमेची जुळवाजुळव आधीच करावी लागते. पाठवलेले पैसे न वापरता पडून राहिले, तर ते १८० दिवसांत परत आणावे लागतात.

दुबईच्या हप्त्यांच्या योजना मोहक वाटतात त्या नेमक्या या जागी अडचणीच्या ठरतात. करार करताना पुढील तीन-चार वर्षांचे हप्ते आपल्या वार्षिक मर्यादेत बसतात का, हे कोष्टक मांडून पाहावे. ताबा मिळाल्यानंतरही चालू राहणारे हप्ते हे स्वरूपाने उधारीचे असतात, त्यामुळे फेमा जाणणाऱ्या सनदी लेखापालाचे लेखी मत घेतल्याशिवाय अशा योजनेत शिरू नये. उरलेली रक्कम हवालामार्गे ‘ॲडजस्ट’ करण्याचा सल्ला तर ऐकूनही घेऊ नये.

थायलंडमध्ये हाच पैशांचा माग मालकीची अट होऊन बसतो. कॉन्डो परदेशी कोट्यातून नावावर करायचा, तर किमतीची रक्कम परकीय चलनातच बाहेरून यावी लागते आणि तिचे थाई बातमध्ये रूपांतर तेथील बँकेत व्हावे लागते. सोयीसाठी भारतातूनच बात पाठवले तर नोंदणी अडते. ५०,००० डॉलर किंवा अधिक रकमेसाठी थाई बँक परकीय चलन व्यवहाराचा नमुना देते, आणि त्यावर प्रयोजन व खरेदीदाराचे नाव अचूक असावे लागते. पत्नीच्या खात्यातून पैसे गेले आणि करार एकट्या पतीच्या नावे झाला, तर एकाच चुकीने दोन्ही देशांत अडचण उभी राहते. पुढे विक्री करून पैसे परत आणतानाही हाच कागद लागतो.

कागदपत्रांच्या छाननीत दुबई सोपी आहे, हे मान्य करावे लागेल. तयार फ्लॅट असेल तर मालकीपत्र, त्यावरील गहाण, थकलेले सेवाशुल्क आणि डेव्हलपरचे ना-हरकत पत्र पाहायचे. दलालाचा परवाना लँड डिपार्टमेंटच्या ‘दुबई रेस्ट’ ॲपवर तपासता येतो. हस्तांतर शुल्क ४ टक्के असते. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात मात्र खरी जोखीम आहे. २००७ च्या कायदा क्रमांक ८ नुसार खरेदीदारांचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्या प्रकल्पापुरत्या राखून ठेवलेल्या खात्यातच, जमा झाले पाहिजेत, म्हणून धनादेश किंवा वायर ट्रान्सफर डेव्हलपरच्या अन्य खात्याच्या नावे मागितली गेली तर तेथेच थांबावे. करार ‘ओकूद’ या तात्पुरत्या नोंदवहीत नोंदवून घ्यावा. हप्ते चुकले तर काय होते, हेही आधी वाचावे: प्रकल्प ८० टक्क्यांहून अधिक पूर्ण असेल, तर नोटिशीनंतर डेव्हलपरला करारातील किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेता येते. थायलंडमध्ये भू-कार्यालयात मालकीपत्राची मूळ प्रत स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावी. करार थाई भाषेत असतो; विक्रेत्यानेच सुचवलेल्या वकिलावर, किंवा कोऱ्या मुखत्यारपत्रावरील सहीवर, तो सोडू नये. भाड्याच्या उत्पन्नाचे गणित मांडताना हेही पाहावे, की तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने गाळा देणे तेथे हॉटेल परवान्याशिवाय बेकायदा ठरते.

‘दुबईत कर नाही’ हे वाक्य भारतात राहणाऱ्याच्या कामाचे नाही, कारण निवासी भारतीयाचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र असते. विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवली नाही, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

तयार घर आणि वार्षिक मर्यादेत बसणारी किंमत असेल, तर मी दुबईला झुकते माप देईन. वर्षातून महिनाभर स्वतः राहण्यासाठी, कोट्यात बसणारा कॉन्डो हवा असेल, तर थायलंडही योग्य आहे; तेथील व्हिला मात्र मी कोणालाही सुचवणार नाही.

वारसाचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. थायलंडमध्ये परदेशी मालकाचा वारस कायद्याच्या पात्रतेत बसत नसेल, तर त्याला गाळा वर्षभरात विकावा लागतो. दुबईत बिगरमुस्लिमांना २०१५ पासून डीआयएफसी (दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र) येथील नोंदणी केंद्रात मृत्युपत्र नोंदवता येते. मात्र तसे केल्यावर भारतातील मृत्युपत्र पुन्हा लिहिताना आपल्याकडे सर्रास घातले जाणारे ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत’ हे वाक्य वकिलाकडून भारतातील मालमत्तेपुरते मर्यादित करून घ्यावे, नाहीतर दुबईतले मृत्युपत्रही त्याच वाक्याने रद्द झाल्याचा वाद उभा राहू शकतो.