वाढलेलं आयडल आणि ब्लूटूथ स्कॅनर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या पेट्रोल गाडीचं आयडल, म्हणजे एक्सलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, वाढलं होतं. आरपीएम (मिनिटाचे फेरे) गरम इंजिनवरही १३००च्या खाली येत नव्हतं, त्यासाठी ईएलएम ३२७ जातीचा स्कॅनर घेतला. हा गाडीच्या सॉकेटला लावला की इंजिनचे आकडे आणि दोषांचे कोड मोबाईलवर दाखवतो. वस्तू कामाची आहे, पण खराब पार्टचं नाव तिच्याकडून मिळेल ही अपेक्षा सोडा. पी ०५०७ हा कोड आयडल वाढलंय एवढंच सांगतो. ते कानालाही कळत होतं.

आधी कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान बघा. उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा कनेक्टर निघालाय. अर्धा तास गाडी चालवूनही आकडा ६०च्या पुढे सरकत नसेल तर बहुधा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिन थंडच वाटतं, म्हणून तो आयडल चढवून ठेवतो. अशा वेळी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) कितीही घासा, काडीचा फरक पडत नाही.

तापमान ८५-९० असेल तर फ्युएल ट्रिमकडे वळा. ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो हा आकडा; शॉर्ट म्हणजे त्या क्षणाचा, लाँग म्हणजे शिकून ठेवलेला. एमएएफवाल्या (आत येणारी हवा सेन्सरनं मोजणाऱ्या) गाडीत शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज आयडलला अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आली, तर सेन्सरच्या पुढे कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. एमएपीवाल्या गाडीत, म्हणजे जिथे सेन्सर मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजतो तिथे, हाच नियम फसवतो. तिथे शिरलेल्या हवेनं मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू तेवढं पेट्रोल सोडतो, ट्रिम जागेवर राहतो आणि आयडल चढतं. लीक नाही असं समजून लोक इथंच नवा आयएसी व्हॉल्व्ह (आयडलची हवा कमी-जास्त करणारा) आणून बसवतात.

पुढचं काम हाताचं. ब्रेक बूस्टरचा (इंजिनच्या ओढीवर चालून ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) होज पक्कडीला फडकं गुंडाळून दाबा. आरपीएम उतरलं तर लीक बूस्टरच्या बाजूला. पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ हवेच्या वाटेत परत नेणारा) पाईप वरून अख्खा दिसतो, पण वळणाखालचं रबर तेलानं मऊ पडलेलं असतं, बोटानं दाबलं की चीर उघडते. दोन्ही ठीक असतील तर एमएपीवाल्या गाडीत एअर पाईप काढून थ्रॉटल बॉडीतलं आयएसीचं भोक बोटानं बंद करा. आरपीएम धाडकन पडलं तर जादा हवा तिथूनच येतेय : व्हॉल्व्ह कार्बननं अडकलाय, किंवा ईसीयूच तो उघडा ठेवतोय. एक्सलरेटर केबलला थोडी ढील आहे ना, तेही बघा. थ्रॉटल कुठवर बंद व्हावा ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला मात्र हात लावू नका. आयडल उतरेल, मूळ दोष तसाच राहील.

आता स्कॅनरच्या खोडी. के-लाइनच्या (स्कॅनरशी एकाच संथ वायरवरून बोलणाऱ्या) जुन्या गाडीत पाच-सहा आकडे एकदम मागितले की आकडा बदलायला काही सेकंद लागतात, आयडलचं हेलकावणं ग्राफवर येतच नाही. दोन-तीनच निवडा. वर व्हर्जन २.१ छापलेल्या बऱ्याच नकली नगांना काही कमांड कळत नाहीत. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी काढल्यावरही करंट असतो, त्यामुळे लावून ठेवला तर बॅटरी उतरते. आणि कोड पुसण्याआधी ट्रिमचे आकडे लिहून घ्या. पुसल्यावर लाँग ट्रिमही बहुतेक गाड्यांत शून्यावर जातो, तो पुन्हा बसेपर्यंत बरीच गाडी चालवावी लागते.